चौघांचं टेबल

शेवटचा एक रकाना सोडला तर सगळा फॉर्म भरून झाला होता. पासपोर्टचे नंबर, जन्मतारखा, रक्तदाबाच्या गोळ्या, वॉल्टरच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं टिफनीनं बंगळुरूहून फोनवर विचारून विचारून लिहून घेतलं होतं. आईवडिलांच्या लग्नाला मे महिन्यात चाळीस वर्षं होणार म्हणून ही पाच रात्रींची जहाजाची सफर तिनं भेट दिली होती. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरला. ते कळल्यावर वॉल्टरची धाकटी बहीण ज्युली आणि तिचा नवरा ॲन्सेल्म यांनी आम्हीपण येतो म्हटलं होतं, म्हणजे ॲन्सेल्मनं म्हटलं होतं. आता फक्त रात्रीच्या जेवणाचं ठरवायचं होतं. फिक्स्ड म्हणजे रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या टेबलावर, त्याच माणसांबरोबर. फ्लेक्सिबल म्हणजे भूक लागेल तेव्हा जायचं आणि जागा मिळेल तिथं बसायचं. मम्मी, उद्यापर्यंत सांग, टिफनी म्हणाली होती. रोझमेरीला त्यात ठरवण्यासारखं काही वाटलं नव्हतं. फ्लेक्सिबल. ज्युली आणि ॲन्सेल्म समोरच्या दोन खुर्च्यांवर, पाच संध्याकाळी, सूपपासून गोडापर्यंत, हे चित्र डोळ्यासमोर येताच तिनं मनात तिथं खूण करून टाकली होती. कारण कुणाला सांगायची गरज नव्हती. ते वॉल्टरला ठाऊकच होतं, असं ती धरून चालली होती.

सकाळचे साडेनऊ झाले होते. ओटीवर बसून ती वालाच्या शेंगा सोलत होती आणि वॉल्टर समोरच्या खुर्चीत पाय लांब करून बसला होता. गिरीजमधलं हे घर त्याच्या वडिलांनी बांधलेलं, मागं केळीची वाडी, आणि वाडीच्या पलीकडे आता एका इमारतीचा सातवा मजला चढत होता.

"फ्लेक्सिबल घ्यायचं नाही," वॉल्टर म्हणाला. "तुला माहीत नाही म्हणून म्हणतेस. फ्लेक्सिबलवाल्याला रोज नवा वेटर. त्याला काय ठाऊक तुला काय लागतं? फिक्स्डमध्ये पहिल्या रात्री वेटर विचारतो. दुसऱ्या रात्री आठवणीनं आणतो. तिसऱ्या रात्री तुला मागावंच लागत नाही."

त्याचा आवाज बदलला होता. बत्तीस वर्षं तो असल्या जहाजांच्या डायनिंगमध्ये होता, आणि त्या दिवसांबद्दल बोलताना त्याची पाठ आपोआप सरळ व्हायची, तळवे एकमेकांवर यायचे. रोझमेरीला हा आवाज आवडायचा. लग्नाआधी, पापडी गावातल्या चर्चसमोर, तो तिच्याशी याच आवाजात बोलला होता. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घरात मीठ कुठल्या बरणीत आहे हे त्याला अजून विचारावं लागतं, पण कुठल्या देशाचा माणूस कॉफी जेवणाआधी घेतो आणि कुठला नंतर, हे तो झोपेतही सांगेल.

"माझं एकतीस नंबर टेबल होतं," तो सांगत होता. "म्हातारा आणि म्हातारी. दर नाताळात यायचे आणि बुकिंग करतानाच सांगायचे, वॉल्टरच पाहिजे. तिला सूप कोमट लागायचं. त्याला पावाचा कडेचा तुकडा. एका वर्षी तर मला घरी सोडत होते, तिकीट हातात आलं होतं. पण त्यांच्या लग्नाची पन्नास वर्षं जहाजावरच होणार होती. मॅनेजर म्हणाला, वॉल्टर, तू जा. मी म्हटलं, एकतीस नंबर येतायत, त्यांचं झालं की जातो. हे फिक्स्डमध्ये होतं, रोझी. माणूस माणसाला धरून राहतो."

"कुठल्या वर्षी?" रोझमेरीनं विचारलं. तिनं सहज विचारलं होतं. तिची मान शेंगेवरच होती.

"नव्व्याण्णव," तो म्हणाला.

 त्याचे तळवे एकमेकांवरून सुटले. इमारतीवर सळ्या उतरवत होते, त्यांचा आवाज येत होता. रोझमेरीच्या अंगठ्याखाली शेंग उकलली होती, पण दाणे काढायचे असतात हे तिला आठवत नव्हतं. नव्व्याण्णव सालचा डिसेंबर तिला दिवसांनिशी पाठ होता. चार तारखेला, शनिवारी, आयला, म्हणजे वॉल्टरच्या आईला, झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. सोमवारी सकाळी रोझमेरीनं पापडीच्या टेलिफोन बूथवरून मुंबईच्या एजंटच्या ऑफिसात फोन केला. जहाजावर निरोप पाठवायचा तर तो त्यांच्यामार्फतच. कारकुनानं नाव, जहाज, नंबर सगळं लिहून घेतलं आणि म्हणाला, आज पाठवतो. बुधवारी तिनं परत फोन केला. पाठवला म्हणाला. ती शाळेत बिनपगारी रजा टाकून घरी बसली. टिफनी आठ वर्षांची होती. एकवीस तारखेला आय गेली. दफनाहून परतलेली माणसं याच ओटीवर बसली होती, रोझमेरी चहाचा ट्रे घेऊन फिरत होती, आणि ॲन्सेल्म सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, "वेळेवर कळवलं असतं तर आला असता तो. आई आहे शेवटी. गावातले चार जण आलेत जहाजावरून आपापल्या आईसाठी." ती म्हणाली, मी कळवलं होतं. ॲन्सेल्मनं कप उचलला आणि दुसरीकडे बघितलं. ज्युली खाली बघत राहिली. मग मार्चमध्ये वॉल्टर आला, आणि याच ओटीवर, त्याच सगळ्यांसमोर, तो एकच वाक्य बोलला. मला उशिरा कळलं.

उशिरा कळलं. त्या दोन शब्दांत केवढी जागा होती हे तिला आज दिसत होतं. ॲन्सेल्म आणि ज्युलीनं त्यातून ऐकलं की रोझमेरीनं उशिरा कळवलं. रोझमेरीनं ऐकलं की एजंटच्या कारकुनानं निरोप दाबून ठेवला. आणि वॉल्टर सगळ्यांना आपापलं ऐकू देत बसून राहिला. दफनभूमीत आयच्या कबरीपाशी तो रडला तेव्हा तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला होता. तुझा काय दोष, ती म्हणाली होती. तो कारकून तिनं कधी पाहिला नव्हता, तरी वर्षानुवर्षं तिनं त्याचा राग केला होता. त्याचा जरा सर्दी झाल्यासारखा आवाज तिच्या कानात राहिला होता. एकदा तिनं पापनिवेदनात सांगितलंही होतं, फादर, एका माणसाला मला क्षमा करता येत नाही. फादरनी सांगितलं, त्याच्यासाठी प्रार्थना कर. मग एक अख्खा उपवासकाळ ती त्या कारकुनासाठी रोज तीन नमो मरिया म्हणत होती. त्यानं बिचाऱ्यानं त्याच दिवशी निरोप पाठवला होता.

"तिकीट कुठल्या तारखेचं होतं?" तिनं विचारलं.

"रोझी, आता ते..."

"तारीख विचारली मी."

"अकरा डिसेंबर."

तिनं हिशेब केला नाही. तो आपसूक झाला. बाराला मुंबई. बाराला दुपारी घरी. त्या दुपारी आयनं कवळीशिवाय पेज खाल्ली होती, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच हसली होती.

"मला तिला तसं बघायचं नव्हतं," वॉल्टर म्हणाला. तो वाडीकडे बघत होता. "निरोपात लिहिलं होतं, तोंड वाकडं झालंय, ओळखत नाही. मला वाटलं, मी जाऊन काय करणार? तिथं मला काम येत होतं. इथं मला काय येत होतं? आणि तू होतीस ना इथं."

"मी होते," रोझमेरी म्हणाली.

"तेच म्हणतोय."

"मग ज्युलीला सांग. आज सांग. ती मला काय समजते ते तुला माहीत आहे."

तो उठला. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. केळीला पाणी लावायचंय म्हणाला आणि मागं गेला, आणि थोड्या वेळानं मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. रोझमेरी बसून राहिली. तिला वाटलं होतं की आपण रडू, निदान ओरडू, पण अंगात फक्त एक विचित्र हलकेपणा होता, पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि जमीनच लागावी तसा. मग तिनं हात धुतले, साडी बदलली, आणि नाक्यावर येऊन ज्युलीकडे जायला बोळिंजची रिक्षा केली.

निर्मळचा तलाव गेला, नाळ्याची वळणं गेली. उन्हात फेब्रुवारीचा कडकपणा यायला लागला होता. रिक्षात बसून तिला आयचं जेवण आठवत राहिलं. झटक्यानंतर आयला वेळ कळेनाशी झाली होती. सकाळी दहाला ती रात्रीचं जेवण मागायची. दुपारी चारला म्हणायची, दिवा लावा, प्रार्थनेची वेळ झाली. आयुष्यभर आठाच्या ठोक्याला सगळ्यांना पाटावर बसवणारी बाई. रोझमेरी ती मागेल तेव्हा भरवायची, दिवसातून सहा वेळा, सात वेळा, चमच्यानं, आणि प्रत्येक वेळी पहिला घास तोंडाशी नेला की आय डाव्या हातानं तो ढकलायची आणि आपल्या घरच्या बोलीत विचारायची, वॉल्टर जेवला का? आधी त्याला वाढ. रोझमेरी वर्गात मुलांना खोटं बोलू नका म्हणून शिकवणारी. ती म्हणायची, तो निघालाय, आय. विमानात आहे. विमानाला उशीर झालाय. आता मुंबईत उतरलाय, रस्त्यात आहे, तू खा तोवर. आणि आय खायची. पंधरा दिवस रोझमेरी हे बोलत होती आणि प्रत्येक वेळी आपण मरणाऱ्या बाईला फसवतोय म्हणून आतून कुरतडली जात होती. त्याचंही तिनं पापनिवेदन केलं होतं. आणि आता कळत होतं की तिकीट खरंच निघालेलं होतं. विमान खरंच होतं. त्यातली एक खुर्ची रिकामी आली होती, एवढंच. तिचं खोटं जवळजवळ खरं होतं, आणि खोटं बोलत होता तो दुसराच कुणी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, एका म्हातारीचं सूप कोमट आहे की नाही ते बघत.

त्या म्हातारीचा तिला राग यावा असं तिनं मनाशी करून पाहिलं. आला नाही. म्हातारीला काय माहीत? तिला वाटलं असेल, किती प्रेमळ माणूस आहे. होताच तो. त्या टेबलावर असेल प्रेमळ. रोझमेरीला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं की वॉल्टरमध्ये माया कमी नव्हती. ती दुसरीकडे वाढली जात होती, आणि इथं ती बरीच वर्षं रिकाम्या ताटापुढे बसून म्हणत होती की कंपनीच अशी आहे.

ज्युलीचा फ्लॅट बोळिंजला एका मोठ्या संकुलात चौथ्या मजल्यावर होता. दार ज्युलीनं उघडलं. साठीची, केस रंगवलेली, हातात पेन. डायनिंग टेबलावर न्यायच्या कपड्यांची यादी अर्धवट लिहून ठेवली होती. ॲन्सेल्म मासळी आणायला गेला होता.

"वैनी, फोन न करता?" ज्युली म्हणाली. "बस. सरबत करते."

"नको," रोझमेरी म्हणाली, आणि बसायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. सहा तारखेचा फोन. निरोप वेळेवर पोचला होता. अकरा तारखेचं तिकीट. एकतीस नंबर. तिला वाटलं होतं सांगायला वेळ लागेल, पण चार वाक्यांत संपलं. एवढंसं होतं ते. पंचवीस वर्षं पुरलं होतं.

ज्युलीनं पेनाचं टोपण लावलं. "शेवटी सांगितलं त्यानं तुला," ती म्हणाली.

रोझमेरीला ते वाक्य समजायला क्षण लागला. शेवटी हा शब्द आधी कळला, मग बाकीचं.

"तुला माहीत होतं?"

"डॅडी गेले तेव्हा बोलला. दोन हजार चारमध्ये. डॅडींच्या वेळी तो आला होता ना वेळेवर, तर रात्री पिऊन रडायला लागला, आयच्या वेळी मी आलो नाही म्हणून. सगळं सांगितलं. आणि म्हणाला, रोझीला सांगू नकोस, ती सोडून जाईल."

"ॲन्सेल्मला?"

"नाही. त्याला कळलं तर तो वॉल्टरचं तोंड बघणार नाही. तुला माहीत आहे त्याचा स्वभाव. आईच्या बाबतीत तो..." ज्युली थांबली. "माझा एकच भाऊ आहे, वैनी."

"मला वाटायचं तू मला दोष देतेस," रोझमेरी म्हणाली. "तू येईनाशी झालीस. सणाला यायचीस ती पण उभ्या उभ्या."

"तुझ्यासमोर बसवत नव्हतं मला."

एवढं बोलून ज्युली खरोखरच बसली, आणि हातांनी तोंड झाकून घेतलं. रोझमेरी तिच्या रंगवलेल्या केसांच्या मुळाशी दिसणाऱ्या पांढऱ्या रेघेकडे बघत राहिली. एकवीस वर्षं. एकवीस वर्षं नाताळच्या फराळाचं पहिलं ताट या घरी आलं होतं. वाडीतला पहिला फणस इथं आला होता. ज्युलीच्या मुलीच्या लग्नात रोझमेरीनं तीन दिवस स्वयंपाकघर सोडलं नव्हतं, कारण तिला वाटत होतं की आपल्या हातून न झालेल्या एका चुकीची भरपाई आपण करतोय, आणि कधीतरी ती पुरी होईल. ज्युलीनं प्रत्येक ताट घेतलं होतं. रिकामं धुऊन परत पाठवलं होतं. दोघं भावंडं तिच्या दोन बाजूंना बसून गप्प होती, आणि मध्ये ती वाढत होती.

"एक बोलू?" ज्युलीनं तोंड पुसलं. "जहाजावर आपण फ्लेक्सिबलच घेऊ या. ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा जेवेल. सगळ्यांनाच मोकळं राहील."

 तेवढ्यात दाराला चावी लागली आणि ॲन्सेल्म आला. हातात मासळीची पिशवी, कपाळावर घाम, चेहऱ्यावर सुट्टी लागल्याचा आनंद. तो वाईट माणूस नव्हता. स्वतःच्या आईला त्यानं शेवटची चार वर्षं उचलून आंघोळ घातली होती, हे रोझमेरीनं डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अरे, रोझमेरी," तो म्हणाला. "फॉर्म पाठवला का? टिफनीला वेळेवर पाठव हं. वेळेवर कळवायची तुला सवय नाही."

तो हसला. हा विनोद जुना होता. लग्नपत्रिका असो की चर्चमधल्या मिस्साची वेळ, तो हा विनोद करायचा, आणि त्यात आता विखारही उरला नव्हता, सवय उरली होती. रोझमेरीनं ज्युलीकडे बघितलं. ज्युली मासळीची पिशवी घेऊन आत चालली होती. आत्ता सांगता आलं असतं. चार वाक्यं तयार होती, तोंडात नुकतीच वापरलेली. पण ती बोलली तर ते तिचं बोलणं झालं असतं, पंचवीस वर्षांनी स्वतःची बाजू मांडणाऱ्या बाईचं. ॲन्सेल्मनं परत कप उचलून दुसरीकडे बघितलं असतं.

"पाठवते," ती म्हणाली, आणि चप्पल घातली.

ती घरी पोचली तेव्हा एक वाजून गेला होता. मोटर बंद होती. वॉल्टरनं भात लावला होता, सकाळची कोळंबीची कढी गरम केली होती, आणि टेबलावर एकच ताट मांडलं होतं, तिचं. काटेकोर मांडलं होतं. पाण्याचा ग्लास उजवीकडे, वाटी त्याच्या शेजारी, ताटाच्या डाव्या अंगाला घडी केलेला नॅपकिन. घरात त्यानं असं कधी केलं नव्हतं. ती बसली. तो तिच्या उजव्या बाजूनं आला, किंचित वाकला आणि त्यानं भात वाढला. एकही शीत ताटाबाहेर पडलं नाही.

"ज्युली काय म्हणाली?" त्यानं विचारलं.

"तिला माहीत होतं."

कढीचा डाव त्याच्या हातात तसाच राहिला. तो काही बोलणार होता, पण तिचा फोन वाजला. टिफनी होती.

"मम्मी, ठरलं का? आज संध्याकाळपर्यंत द्यायचंय मला."

"फिक्स्ड," रोझमेरी म्हणाली.

"तुला तर फ्लेक्सिबल हवं होतं ना?"

"नको. फिक्स्ड कर. आठ वाजताचं. आम्हा चौघांचं एकच टेबल."

"नक्की? नंतर बदलून नाही मिळणार."

"नक्की."

तिनं फोन ठेवला. वॉल्टरनं डाव भांड्यात परत ठेवला होता. "तू तिथं ॲन्सेल्मला सांगणार आहेस," तो म्हणाला.

"मी काही सांगणार नाही. तू सांगायचंस."

"रोझी, टेबलावर? जेवताना?"

"पाच रात्री आहेत. कुठल्या रात्री ते तू ठरव."

"आणि नाही जमलं मला तर?"

 तिला एवढंच दिसत होतं की ती पाचही संध्याकाळी वेळेवर येणार, समोर बसणार आणि वाट बघणार, आणि या वेळी आपण कुणाची वाट बघतोय हे टेबलावरच्या चौघांपैकी तिघांना माहीत असणार. तिला एकदम कळलं की तिला खूप भूक लागली आहे. सकाळपासून तिच्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. तिनं हातानं भात कालवला.

"कढी वाढ," ती म्हणाली.

त्यानं वाढली. मग तो भांडं घेऊन तिच्या खुर्चीच्या एक पाऊल मागं उभा राहिला, गुडघा दुखत असल्यामुळे एका पायावर भार टाकून. ती जेवत राहिली. तिनं त्याला बस म्हटलं नाही.